सवलतीचे दिवस

या जगात वेळेवर होणाऱ्या गोष्टी फार थोड्या. बढती वेळेवर होत नाही, पाऊस वेळेवर येत नाही, आणि २०११ साली सुरू झालेले मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण... जाऊ द्या. आमच्या रायगडात जेवताना तो विषय काढत नाहीत. पण एक गोष्ट मात्र अगदी घड्याळ लावून होते. वॉरंटी संपली की वस्तू बिघडते. आमच्या मिक्सरने हे केले, टीव्हीने केले, आणि भिंतीवरच्या घड्याळाने तर मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी प्राण सोडला. जाहिरातीत दाखवतात तसे दोन्ही हात पसरून.

गाडीने त्या मानाने मन मोठे केले. ती एकोणीस दिवस थांबली.

गाडी आम्ही घेतली २०१९ च्या दसऱ्याला, म्हणजे ८ ऑक्टोबरला. धावीर महाराजांच्या देवळापाशी नेऊन नारळ फोडला. आमच्या रोह्यात दसऱ्याच्या उत्सवात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, तेव्हा एवढ्या मोठ्या दरबारात नोंद झालेल्या गाडीला काही होणार नाही असा माझा समज. तरीही मी पडलो बँकेतला माणूस. देवावर विश्वास असला तरी तारण घेतोच. म्हणून मूळ दोन वर्षांच्या वॉरंटीवर पैसे भरून आणखी तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली. ही पाच वर्षे ७ ऑक्टोबर २०२४ रोजी संपली. या पाच वर्षांत गाडीला साधी शिंकही आली नाही. आणि २६ ऑक्टोबरला, शनिवारी, ती भिसे खिंडीत बसली. महिन्यातला चौथा शनिवार होता. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे आमच्या काही खातेदारांना अजूनही पटलेले नाही. गाडीला मात्र ते बरोबर ठाऊक होते. माझी रजासुद्धा तिने वाया जाऊ दिली नाही.

गाडी ऑटोमॅटिक घेतली ती माझ्यासाठी नव्हे. मी बजाजच्या स्कूटरवर वाढलेला माणूस. डाव्या हाताने क्लच दाबायचा, त्याच हाताची मूठ पिरगाळून गिअर टाकायचा, आणि चढावर अर्धा क्लच अर्धी रेस असे करून स्कूटर पाय न टेकता जागच्या जागी तोलून धरायची, ही माझी एकमेव कला. मोटार आल्यावरही ती कला मी सोडली नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे बिल यायचे आहे.

तर गाडी घेतली ती सौ.साठी. ती कोलाडच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते. चाळिशीला आल्यावर ती मोटार शिकायला गेली, आणि भर बाजारपेठेत ती सात वेळा बंद पाडून, मागून वाजणारे हॉर्न ऐकत घरी आली. "दोन पाय आणि तीन पेडलं," ती म्हणाली, "हा हिशेबच चुकलेला आहे." गणिताच्या शिक्षिकेने हिशेब चुकला म्हटल्यावर वाणिज्य शाखेच्या पदवीधराने काय बोलावे? शिकवणारा म्हणाला, "बाई, तुम्ही ऑटोमॅटिक घ्या."

पूर्वी ऑटोमॅटिक म्हणजे इंग्रजी सिनेमातली गोष्ट होती. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ च्या सुमारास ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा आपोआप बदलणारा गिअर आणला, आणि तिकडच्या लोकांचा डावा पाय तेव्हाच सेवानिवृत्त झाला. आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या डाव्या पायाला २०१४ पर्यंत नोकरी करावी लागली. त्या वर्षी मारुतीने सेलेरिओमध्ये 'एएमटी' नावाची स्वस्तातली सोय आणली, आणि मग एकामागून एक बऱ्याच कंपन्यांनी ती आणली. त्यांतल्याच एकीची आमची गाडी. कुठल्या ते विचारू नका. सोयरीक झाल्यावर कुळाची नावे घेऊ नयेत.

एएमटी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण गाडी विकणारा मुलगा ते सांगत नाही. खानदानी ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी तेलाने भरलेली निराळीच यंत्रणा असते. एएमटीत तसे काही नसते. आत आपला नेहमीचाच गिअरबॉक्स, नेहमीचाच क्लच. फक्त तो क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक पंप, थोडे तेल, चार झडपा आणि या सर्वांना हुकूम सोडणारा एक छोटा कंप्युटर बसवलेला असतो. आमच्या गाडीत ड्रायव्हरचे दार उघडले की हा पंप "गूंऽऽ" करून तेलाचा दाब भरून घेतो. म्हणजे आत एक कारकूनच बसवलेला असतो म्हणा ना. साहेब समोर बसून नुसती रेस देतात, आणि मागच्या खोलीत कोणाला न दिसता कारकून क्लच दाबतो, गिअर टाकतो, पुन्हा क्लच सोडतो. हे मला कळले तेव्हा गाडीबद्दल एकदम जातभाईची माया वाटली.

या कारकुनाच्या जिवावर सौ. गाडी चालवायला लागली. पहिले काही दिवस मी शेजारी बसून सूचना दिल्या. मग तिनेच सांगितले की तुम्ही बँकेत जा. सकाळी साडेसहाला दार उघडल्याचा आवाज, मग "गूंऽऽ", मग फाटकाबाहेर पडताना दोनदा हॉर्न. आमच्या वरशाच्या आळीतली मुले त्या हॉर्नवर उठायला लागली. रोह्याला खेटून असलेले आमचे वरसे तसे पहाटे उठणारे गाव, पण बाई माणूस रोज स्वतः मोटार काढून नोकरीला निघते हे बघायला सुरुवातीला दोन-तीन म्हातारे मुद्दाम कट्ट्यावर येऊन बसत. पुढे त्यांना सवय झाली. तिला मात्र नाही झाली. पाच वर्षांनंतरही गाडी दारात लावून किल्ली खुंटीला अडकवताना तिचा चेहरा पहिल्या दिवसासारखाच व्हायचा.

तर २६ ऑक्टोबर. वसुबारस दोन दिवसांवर. पेणहून सासूबाईंना दिवाळीसाठी आणत होतो. गाडीत सासूबाई, पेणचे पोहे, चकलीची भाजणी आणि पापडांचे एक मोठे बोचके. सौ. चालवत होती, मी डावीकडे बसून बोलत होतो. नागोठणे सोडले, खिंडीचा चढ लागला. पुढे धाटावच्या एमआयडीसीत निघालेला एक टँकर रांगत होता. तो थांबला, आम्ही थांबलो. तो निघाला, आम्ही थांबलेलेच. समोरच्या काचेखाली एकचा आकडा डोळे मिचकावू लागला, कुठूनतरी 'टूं टूं' झाले, एक गचका बसला, आणि इंजिन बंद.

"तू काहीतरी दाबलंस," मी म्हणालो.

"ब्रेक दाबला."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी तुम्ही बोलत होता."

मागे एस.टी. येऊन उभी राहिली. तिच्या मागे एक मिनीडोर, तिच्या मागे आणखी काही. आपल्या लोकांचे हे फार चांगले आहे की बंद गाडी दिसली की ढकलायला कोणाला बोलवावे लागत नाही. सात-आठ जण उतरले, बाह्या सरसावल्या. "हाँ, लावा जोर!" जोर लागला. गाडी तसूभर हलेना.

"अहो, गिअरमध्ये आहे!" कंडक्टर ओरडला. "न्यूट्रल करा!"

"होत नाही."

"मग क्लच दाबा!"

"क्लच नाही."

"म्हणजे? तुटला?"

"तुटला नाही हो. दिलेलाच नाही."

एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरला. त्याने दारातून वाकून आत पाहिले. दोन पेडले मोजली, खात्री करण्यासाठी पुन्हा मोजली, आणि फसवल्या गेलेल्या माणसाकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. "नवी घेतलीत तेव्हाच बघून घ्यायचं ना, साहेब," तो हळूच म्हणाला. मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारले, "जावईबापू, क्लच मागाहून बसवून मिळतो का?"

एएमटी गाडी गिअरमध्ये अडकून बंद पडली की ती ढकलता येत नाही, कारण क्लच सोडवणारा आतला कारकूनच बेशुद्ध पडलेला असतो. हे ज्ञान मला त्या दिवशी चढावर, भर उन्हात, पंचवीस माणसांच्या साक्षीने झाले. शेवटी सौ., सासूबाई आणि भाजणी एस.टी.ने पुढे गेल्या. मी, पोहे आणि पापड क्रेनने. पुढची दोन चाके उचललेली गाडी क्रेनमागे फरफटत वरशाच्या आळीत शिरली तेव्हा कट्ट्यावरचे म्हातारे, आता यायचे बंद झालेले, नेमके बसलेले होते. क्रेनवाल्याने ३,५०० रुपये घेतले. सणाचे दिवस म्हणून पापड दिले तेही घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी एका किल्लीत सुरू झाली. जणू काही झालेच नव्हते. शाळेला बुट्टी मारून दुपारी खेळायला निघालेल्या पोरासारखी.

आता वॉरंटीविषयी. वॉरंटी या शब्दाशी माझी ओळख जुनी आहे. बी.कॉम.ला मालविक्रीचा १९३० चा कायदा होता. त्याच्या कलम १२ मध्ये 'कंडिशन' आणि 'वॉरंटी' यांतला फरक दिला आहे. कंडिशन मोडली तर माल परत करता येतो. वॉरंटी मोडली तर नुसती नुकसानभरपाई मागता येते, माल गळ्यातच राहतो. लग्न कोणत्या कलमाखाली येते यावर आमच्या वर्गात मोठी चर्चा झाली होती. पण वॉरंटीच संपलेली असेल तर काय करावे हे सरांनी शिकवले नाही. मला आठवला तो १८८१ चा परक्राम्य दस्तऐवज कायदा. (हे नाव एका दमात म्हणता आले की बँकेत घेतात.) हुंडी ज्या दिवशी देय होते त्या दिवसावर आणखी तीन दिवस सवलतीचे मिळतात, कलम २२. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारला एवढी माणुसकी होती. तीन दिवस! आम्हांला एकोणीस हवे होते. फरक फक्त सोळाचा.

दिवाळी झाल्यावर गाडी पनवेलच्या बाजूला अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. मीच चालवत नेली आणि वाटेत ती एकदाही अडली नाही. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते तसे. तिथला पोरगा टाय लावलेला, फार अदबशीर. त्याने गाडीला एक वायर जोडली, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, सिस्टिममध्ये एरर आहे."

वीस वर्षे झाली, मी काउंटरच्या पलीकडच्या माणसांना हेच वाक्य ऐकवत आलो आहे. सिस्टिम डाऊन आहे, उद्या या. पासबुक हातात धरून ती माणसे माझ्याकडे जशी बघतात, तसा मी त्या पोराकडे बघत उभा राहिलो. ज्यांचे घराणे आमच्या रोह्याचे ते चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या गावच्या बँकेतल्या माणसावर ही वेळ!

त्याने एस्टिमेट काढून दिले. अॅक्चुएटर असेंब्ली आणि कंट्रोल युनिट पुरे बदलायचे, क्लच सेट नवा. सुटे भाग ७८,०००, त्यावर २८ टक्के जीएसटी, मजुरी ९,०००, त्यावर १८ टक्के. एकूण १,१०,४६०. मी बेरीज तपासली. दुर्दैवाने बरोबर होती. (पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ वर आला. पण घाई हा आमच्या गाडीचा स्वभाव.)

"दुरुस्त नाही का होणार?" मी विचारले.

"सर, आम्ही रिपेअर करत नाही. रिप्लेस करतो."

"एकोणीसच दिवस उलटलेत हो."

"गुडविलसाठी मेल टाकून बघा, सर."

गुडविल म्हणजे पुस्तपालनातली ख्याती. ताळेबंदात ती मालमत्तेच्या बाजूला लिहितात, पण हाताला लागत नाही. मी मेल टाकली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात. किती मौल्यवान ते एस्टिमेटमध्ये लिहिलेलेच होते.

परत येताना गाडी नीट आली ती थेट आमच्या फाटकापर्यंत. फाटकात शिरताना पुन्हा 'टूं टूं' झाले. या वेळी मात्र ती न्यूट्रलमध्ये गेली आणि तिथेच राहिली. शेजाऱ्यांनी ढकलून पोर्चमध्ये लावली. एवढी तरी सोय झाली.

रात्री मी कागद घेऊन बसलो. गाडीची किंमत ६,४०,०००. घटत्या शिल्लक पद्धतीने दर साल १५ टक्के घसारा. पाच वर्षांनी शिल्लक २,८३,९७१ रुपये. त्यावर १,१०,४६० दुरुस्तीला, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के. तिकडे एका एजंटाने 'जशी आहे तशी' १,४०,००० सांगितली होती. त्यात भर घालून वापरलेली साधी क्लचवाली गाडी येत होती. कागदावर उत्तर स्वच्छ होते. मी चष्मा काढून सौ.ला सांगितले की ही विकू, साधी घेऊ. तिला वाईट वाटू नये म्हणून वर म्हणालो, "साध्या गाडीत काही बिघडत नाही. शिवाय नीट चालवली तर क्लच जातो कशाला?"

ती वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही. "बरं," म्हणाली. "मग गाडी तुम्हीच चालवा."

भांडण झाले असते तर बरे झाले असते. भांडणात मला गती आहे. पण त्यानंतर तो विषय घरात निघालाच नाही. सकाळी सहा वाजता ती मिनीडोर पकडायला नाक्यावर जाऊ लागली. खुंटीवर किल्ली तशीच. बँकेत मधल्या सुट्टीत मी सर्वांना सांगत होतो की बायकांच्या हातात गाडी दिली की क्लचचे असेच होते. आमच्या कॅशियर बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "पण तुमच्या गाडीला क्लच नाही ना?" भिसे खिंडीची गोष्ट रोह्यात पोचायला वेळ लागला नव्हता.

आमच्या भाषेत सांगायचे तर हप्ता थकला की खाते आधी एसएमए होते आणि ९० दिवस उलटले की एनपीए. गाडी पोर्चमध्ये उभी राहून तेवीस दिवस झाले होते. सासूबाई दिवाळीला आल्या होत्या; गाडी दुरुस्त झाल्यावरच जाईन, एस.टी.त मला लागते, असे म्हणून राहिल्या होत्या. हा खर्च एस्टिमेटमध्ये धरलेला नव्हता.

त्या दिवशी सोनेतारणाच्या कर्जाचे व्याज भरायला एक मिनीडोरवाला आला. पावती घेताना म्हणाला, "साहेब, बाई रोज माझ्याच गाडीत असतात. काल गर्दी होती. पुढं माझ्या बाजूला अर्ध्या सीटवर बसून आल्या. मी म्हटलं, बाई, मागची धरा, तर म्हणाल्या शाळेला उशीर होईल." मग जरा थांबून, "गाडी सुरेख चालवायच्या बाई. मला कधी ओव्हरटेक केलं तर हात दाखवायच्या."

मी पावतीवर दोनदा शिक्का मारला.

त्यानेच एका मिस्त्रीचे नाव सांगितले. धाटावच्या रस्त्याला पत्र्याची शेड. मिस्त्री साठीचे, तोंडात पान, एका डोळ्यावर चष्म्याची काच तडकलेली. मला वाटले हे अॅम्बॅसेडरच्या काळातले गृहस्थ, यांना कंप्युटरचे काय कळणार. रविवारी ते पोर्चमध्ये आले. सौ. दारात उभी होती, सासूबाई मोड्यावर. मिस्त्रींनी कशाला हात लावला नाही. नुसते ड्रायव्हरचे दार उघडले. "गूंऽऽ". दार तसेच ठेवून उभे राहिले. थोड्या वेळाने पुन्हा "गूंऽऽ". मग पुन्हा.

"हा किती दिवस असा घडी घडी वाजतोय?"

"बरेच महिने," मी अभिमानाने सांगितले. "पंप अगदी ठणठणीत आहे."

"साहेब, दाब टिकत नाही म्हणून तो परत परत भरतोय. टाकी गळत असली की घरचा पंप सारखा चालू होतो ना, तसं." ते खाली वाकले, बॅटरीखाली हात घालून एक बोट बाहेर काढले. बोटाला तेल. "पाइप पाझरतोय. आणि ही अर्थिंगची वायर बघा, हिरवी पडलीये. आपल्याकडचा पावसाळा."

"पण ऑटोमॅटिक आहे ना ही?"

"कसली ऑटोमॅटिक? आत सगळं आपलंच आहे. तोच क्लच, तोच गिअर. फक्त पाय दुसऱ्याचा आहे." त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतले. "क्लचप्लेट पण गेलेली असणार. वास सांगतोय. चढावर गाडी कोण धरतं? ब्रेकवर धरता का रेसवर?"

"मी हँडब्रेक लावते," सौ. म्हणाली. "शिकवलंय तसं."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. सासूबाईंनीसुद्धा.

मी माझी कला समजावून सांगायचा प्रयत्न केला. चढावर ब्रेक सोडून हलकी रेस द्यायची, गाडी ना पुढे ना मागे, तराजूच्या काट्यासारखी. वडखळच्या रांगेत, रेल्वेच्या पुलावर, पनवेलला जातानासुद्धा. मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे तो बिचारा आत अर्धा क्लच दाबून उभा, आणि तुम्ही वरून रेस देताय. जळणार नाही तर काय?" चार दिवसांनी त्यांनी जुनी क्लचप्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून दाखवली. निळी-काळी पडलेली, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी. स्कूटरच्या दिवसांपासूनची माझी सगळी कर्तबगारी त्या कागदात होती.

वर्कशॉपवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पडद्यावर दाब कमी दिसला, त्यांनी दाब देणारे यंत्र बदला म्हणून सांगितले; बदलले असते तर त्यांच्या कागदावर वर्षाची हमीही मिळाली असती. मिस्त्रींच्या कागदावर हमी नव्हती. त्यांच्याकडे कागदच नव्हता. पापडाच्या पाकिटावर हिशेब लिहून दिला: क्लच सेट ११,४००, पाइप १,८५०, तेल ९००, मजुरी ६,५००, आणि नवा क्लच बसवल्यावर तो कंप्युटरला 'शिकवावा' लागतो, त्यासाठी पेणहून स्कॅनर घेऊन आलेल्या मुलाचे २,५००. एकूण २३,१५०. वायर घासल्याचे पैसे धरले नाहीत.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मी किल्ली खुंटीला न लावता सौ.च्या हातात दिली. काहीतरी बोलायचे मी बँकेतून येताना ठरवले होते, दोन-तीन वाक्ये जुळवलीही होती. ती म्हणाली, "बँकेत काय सांगणार आहात?"

"काय सांगायचं? पाइप पाझरत होता."

"आणि?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सांगितले. कॅशियर बाईंनी मला त्यांच्या डब्यातली एक जादा पोळी वाढली. एवढे प्रेम त्यांनी मला बढतीच्या वेळीही दाखवले नव्हते.

डिसेंबरात आम्ही सासूबाईंना पेणला पोचवायला निघालो. सौ. चालवत होती. भिसे खिंडीत पुढे पुन्हा एक टँकर, पुन्हा चढ, पुन्हा थांबलो. तिने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला आणि काच खाली करून बाहेर बघत बसली. मी काही बोललो नाही. फक्त माझा डावा पाय, मला न विचारता, समोरच्या पायपुसण्यावर जोरात दाबला गेला होता.

"पाय काढा," ती बाहेर बघतच म्हणाली.

टँकर हलला. समोर एकचा आकडा आला आणि क्षणभर तसाच राहिला. मागून 'खट' असा आवाज झाला. मी वळून पाहिले तर सासूबाईंनी पिशवी काखेत मारून दार अर्धे उघडले होते.

"उतरू ना, जावईबापू? ढकलायचं असेल ना?"